लाटेवर स्वार होण्याआधी

२५ एप्रिल २०२५ रोजी हैदराबादमधील एका चाचणी केंद्रात एक इंजिन एक हजार सेकंदांहून अधिक काळ धगधगत राहिले. पहलगामच्या हत्याकांडाला तेव्हा अवघे तीन दिवस झाले होते. देश शोकात आणि संतापात होता; त्यामुळे या बातमीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेच्या (डीआरडीओ) प्रयोगशाळेत तपासले गेलेले हे इंजिन ‘स्क्रॅमजेट’ प्रकारचे होते. पूर्ण आकाराचे नव्हे, तर लहान प्रमाणातले. आकाशात नव्हे, तर जमिनीवर जखडून ठेवलेले. तरीही सुमारे सतरा मिनिटांचे ते ज्वलन महत्त्वाचे होते. त्याच वर्षीच्या जानेवारीत हाच आकडा १२० सेकंद होता आणि त्याआधी २०२० मध्ये प्रत्यक्ष उड्डाणात तो वीस सेकंदांच्या थोडा पुढे होता.

ध्वनीच्या पाचपटीहून अधिक वेगाला ‘हायपरसॉनिक’ म्हणतात. तीस किलोमीटर उंचीवर ध्वनीच्या सहापट वेगाने जाणारे यान सेकंदाला जवळपास दोन किलोमीटर अंतर कापते. दिल्लीहून आग्रा गाठायला त्याला दोन मिनिटेही पुरे होतात. असा वेग साध्य करणे हा विज्ञानाचा प्रश्न आहे. तो साध्य झाल्यावर निर्णय घेणाऱ्या माणसांच्या हाती किती मिनिटे उरतात, हा राज्यकारभाराचा प्रश्न आहे. आपल्याकडे पहिल्या प्रश्नावर अभिमानाने बोलले जाते. दुसऱ्यावर जवळजवळ बोललेच जात नाही.

एक जुनी कल्पना

या यानांच्या एका कुळाला ‘वेव्हरायडर’ म्हणजे लाटेवर स्वार होणारे यान म्हणतात. ही लाट समुद्राची नव्हे. विमान ध्वनीपेक्षा वेगाने जाऊ लागले की पुढच्या हवेला बाजूला सरायला सवड मिळत नाही. हवा दाबली जाते आणि यानाच्या टोकापासून तिरपी मागे जाणारी, दाबाची एक तीव्र भिंत तयार होते. तिला आघाततरंग म्हणतात. सामान्य विमानासाठी हा तरंग म्हणजे निव्वळ तोटा, कारण त्यामुळे अवरोध वाढतो. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात टेरेन्स नॉनवायलर यांनी १९५१ मध्ये या तोट्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. यानाचा आकारच असा ठेवायचा की आघाततरंग त्याच्या पुढच्या धारदार कडांना चिकटून राहील. मग खाली कोंडलेली उच्च दाबाची हवा कडांवरून वर निसटू शकणार नाही आणि तीच यानाला उचलून धरेल. वेगाने निघालेली मोटारबोट स्वतःच उठवलेल्या पाण्यावर उचलली जाते, तसाच काहीसा हा प्रकार. नॉनवायलर यांनी सुचवलेला आकार मागून पाहिला तर कौलारू घराच्या उतरत्या छपरासारखा दिसतो.

कल्पना सुंदर होती, पण तिच्या वाटेत एक अडचण होती. तरंग चिकटून राहण्यासाठी कडा धारदार हवी आणि कडा जितकी धारदार, तितकी ती अधिक तापते. त्याच सुमारास अमेरिकेत ज्युलियन अ‍ॅलन यांनी नेमका उलटा मार्ग दाखवला. वातावरणात परतणाऱ्या यानाचे तोंड बोथट ठेवले, तर आघाततरंग पुढे ढकलला जातो आणि बहुतेक उष्णता हवेतच विरते. अंतराळवीरांना पृथ्वीवर परत आणणाऱ्या कुप्या बोथट असतात त्या यामुळेच. आपल्या गगनयानाच्या कुपीचाही आकार तसाच आहे. बोथट मार्गाने माणूस चंद्रावरून परत आला. धारदार मार्गाला मात्र योग्य पदार्थांची, योग्य इंधनाची आणि योग्य इंजिनाची वाट पाहत साठ वर्षे थांबावे लागले.

ती प्रतीक्षा किती खडतर होती, हे अमेरिकेच्या अनुभवावरून दिसते. १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी अवघ्या काही तासांत वॉशिंग्टनहून टोकियोला पोहोचवणाऱ्या विमानाचे स्वप्न देशापुढे ठेवले. तो प्रकल्प १९९३ मध्ये गुंडाळला गेला; विमान उडालेच नाही. त्यानंतर उद्दिष्टे लहान झाली आणि यश मिळू लागले. नोव्हेंबर २००४ मध्ये ‘एक्स-४३ए’ हे छोटे, मानवरहित यान ध्वनीच्या साडेनऊपटीहून अधिक वेगाने उडाले, पण त्याचे इंजिन जेमतेम दहा सेकंद चालले. ‘एक्स-५१ए वेव्हरायडर’ या यानाची चार उड्डाणे झाली. २०१० मधले पहिले अंशतः यशस्वी ठरले. २०११ आणि २०१२ मधली दोन फसली. १ मे २०१३ च्या चौथ्या उड्डाणात इंजिन सुमारे साडेतीन मिनिटे चालले आणि वेग ध्वनीच्या पाचपटीपलीकडे गेला. याच काळात ‘एचटीव्ही-२’ हे त्याहून कितीतरी वेगवान घसरयान २०१० आणि २०११ मध्ये दोनदा सोडले गेले आणि दोन्ही वेळा सुमारे नऊ मिनिटांनी त्याचा संपर्क तुटला.

एका विद्यापीठातून निघालेल्या दोन वाटा

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या कथेत आणखी एक धागा दिसतो. ‘हायपरसॉनिक’ हा शब्द शास्त्रीय लेखनात रूढ केला तो छ्यान श्वेसन या चिनी शास्त्रज्ञाने, १९४६ मधल्या एका शोधनिबंधातून. कॅलिफोर्नियातील ‘कॅलटेक’ या संस्थेत ते वाढले, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी त्यांनी काम केले आणि १९४९ च्या सुमारास अग्निबाणाने उडून मग वातावरणात घसरत जाणाऱ्या खंडांतर्गत विमानाची कल्पना मांडली. १९५० मध्ये त्यांच्यावर साम्यवादी असल्याचा संशय घेण्यात आला. पाच वर्षे नजरकैदेसारख्या अवस्थेत काढल्यावर १९५५ मध्ये कोरियन युद्धातील अमेरिकी कैद्यांच्या सुटकेशी निगडित वाटाघाटींतून त्यांना चीनला जाऊ दिले गेले. पुढच्याच वर्षापासून त्यांनी चीनच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमाची पायाभरणी केली. १ ऑक्टोबर २०१९ रोजी बीजिंगच्या संचलनात ‘डीएफ-१७’ हे हायपरसॉनिक घसरयान वाहून नेणारे क्षेपणास्त्र जगाला दाखवले गेले, तेव्हा त्यामागे सहा दशकांची संस्थात्मक सलगता होती.

त्याच कॅलटेकमधून १९५१ मध्ये पीएच.डी. घेऊन एक भारतीय तरुण बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाला. त्याचे नाव सतीश धवन. देशातले पहिले स्वनातीत वातविवर, म्हणजे विंड टनेल, त्यांनी तिथेच उभे केले. पुढे याच संस्थेत १९७० च्या दशकात आघाततरंगांवर आधारित हायपरसॉनिक वातविवराचे काम सुरू झाले. म्हणजे ज्ञानाच्या बाबतीत आपण फार मागून निघालो नव्हतो. फरक पडला तो पुढच्या टप्प्यांत. प्रयोगशाळेतल्या विद्येला उड्डाणाच्या मैदानापर्यंत नेणारी वाट चीनने रुंद केली. आपली वाट बराच काळ पायवाटच राहिली.

अलीकडच्या दशकात ती रुंदावते आहे, हे मान्य करायला हवे. मे २०१६ मध्ये ‘इस्रो’ने पंखधारी प्रायोगिक यान ध्वनीच्या पाचपट वेगाने वातावरणात परत आणले. त्याच वर्षी २८ ऑगस्टला श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या अग्निबाणावर स्क्रॅमजेट इंजिन पाच सेकंद चालवले गेले. ७ सप्टेंबर २०२० रोजी ओडिशाच्या किनाऱ्यालगतच्या डॉ. अब्दुल कलाम बेटावरून डीआरडीओच्या प्रात्यक्षिक यानाने ध्वनीच्या सहापट वेग गाठला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात हैदराबादेत ध्वनीच्या पाच ते बारापट वेगाची परिस्थिती निर्माण करणारे वातविवर सुरू झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये कानपूरच्या आयआयटीने याहूनही अधिक वेगाच्या प्रवाहाची चाचणी सुविधा उभी केल्याचे जाहीर केले. १६ नोव्हेंबर २०२४ रोजी दीड हजार किलोमीटरहून अधिक पल्ल्याच्या हायपरसॉनिक क्षेपणास्त्राची चाचणी झाली.

आकड्यांमधले अंतर

ही यादी वाचून छाती फुगते. पण तीत दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत आणि धोरणाच्या दृष्टीने त्या वेगळ्या करणे आवश्यक आहे. अग्निबाणाच्या जोरावर वर जाऊन मग इंजिनाविना घसरत येणारे यान ही एक गोष्ट. हवेतला प्राणवायू घेऊन स्वतःच्या इंजिनावर उडत राहणारे यान ही दुसरी. पहिल्याची कसोटी उष्णता आणि नियंत्रण ही आहे. दुसऱ्याची कसोटी याहून अवघड आहे. स्क्रॅमजेटमध्ये इंजिनात शिरलेली हवाही ध्वनीपेक्षा वेगाने वाहत असते; ती इंजिनातून पार होण्याआधी, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात, इंधन तिच्यात मिसळावे लागते, पेटावे लागते आणि पेटलेले राहावे लागते. ज्वलनकक्षातले तापमान अडीच हजार अंशांपर्यंत जाते. भिंती वितळू नयेत म्हणून पेटण्याआधी इंधनच त्या भिंतींतून फिरवले जाते. ते उष्णता शोषते आणि मग जळते. हैदराबादच्या हजार सेकंदांचे महत्त्व इथे आहे. इंजिन स्वतःला थंड ठेवून तग धरू शकते, हे त्या चाचणीने दाखवले.

परंतु जमिनीवरचे हजार सेकंद आणि आकाशातले वीस सेकंद यांत जे अंतर आहे, ते निवेदनांनी भरून निघत नाही. ते भरते उड्डाणांनी, आणि त्यातल्या काही उड्डाणांच्या अपयशाने. अमेरिकेने चार याने बांधली, दोन गमावली, आणि कोणत्या उड्डाणात काय बिघडले हे बऱ्याच अंशी जाहीर केले. आपल्याकडे १२ जून २०१९ ची पहिली चाचणी झाली तेव्हा अधिकृत निवेदनात प्रक्षेपण यशस्वी झाल्याचे आणि माहिती गोळा केल्याचे सांगितले गेले; अपेक्षित वेग आणि उंची गाठली का, याचा उल्लेख नव्हता. पंधरा महिन्यांनी दुसरी चाचणी यशस्वी झाली, तेव्हा पहिलीचे मौन विसरले गेले.

हे मौन शास्त्रज्ञांच्या स्वभावातून येत नाही. ते आमच्यासारख्या कारकुनी व्यवस्थेने त्यांना शिकवले आहे. माझ्या सेवाकाळात एका संशोधन संस्थेच्या मोजमाप-उपकरणाची नस्ती माझ्या टेबलावर तीनदा आली. शास्त्रज्ञांना विशिष्ट अचूकतेचे उपकरण हवे होते. नियम सर्वांत कमी दराच्या निविदेचा होता. शेवटी कमी दराचे उपकरण आले आणि त्या कामासाठी ते अपुरे ठरले. त्यावर लेखापरीक्षणाने कोणताच आक्षेप घेतला नाही, कारण नियम पाळला गेला होता. महाग उपकरण घेऊन प्रयोग फसला असता, तर मात्र आक्षेप नक्की आला असता. मीही त्या नस्तीवर नियमाप्रमाणेच सही केली होती. अपयशाची किंमत व्यक्तीने मोजायची आणि निष्क्रियतेची कोणीच नाही, अशा व्यवस्थेत चार याने बांधून दोन गमावण्याची परवानगी कोण मागेल?

संशोधन आणि विकासावर आपला एकूण खर्च २०२०-२१ च्या अधिकृत आकड्यांनुसार सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात संरक्षण संशोधनाच्या तरतुदीतील पंचवीस टक्के वाटा उद्योग, नवउद्यम आणि विद्यापीठे यांच्यासाठी खुला करण्याची घोषणा झाली; दिशा योग्य आहे. पण हायपरसॉनिकसारख्या क्षेत्रात पैशाइतकीच गरज आहे ती सलग, पूर्वनियोजित उड्डाण-मालिकेची, आणि फसलेल्या उड्डाणाचा अहवाल किमान संसदेच्या स्थायी समितीपुढे बंद दाराआड तरी मांडला जाण्याची.

उरलेली मिनिटे

आता दुसरा, अधिक अवघड प्रश्न. हायपरसॉनिक शस्त्रांविषयी एक गैरसमज असा की ती सर्वांत वेगवान असतात. दीर्घ पल्ल्याचे बॅलिस्टिक क्षेपणास्त्र वातावरणात परतताना ध्वनीच्या वीसपटीहून अधिक वेगाने येते. हायपरसॉनिक यानाचे वेगळेपण दोन गोष्टींत आहे: ते कमी उंचीवरून येते आणि वाटेत दिशा बदलू शकते. पृथ्वी गोल असल्याने जमिनीवरच्या रडारला तीनशे किलोमीटर उंचीवरचे क्षेपणास्त्र तत्त्वतः दोन हजार किलोमीटरहूनही दूर असताना दिसू शकते. चाळीस किलोमीटर उंचीवरचे यान आठशे किलोमीटरच्या आत आल्यावरच दिसते. ध्वनीच्या सहापट वेगाने हे अंतर सात मिनिटांत संपते. शिवाय ते नेमके कोठे निघाले आहे, हे त्या सात मिनिटांतही ठामपणे सांगता येत नाही.

ही शस्त्रे अजिंक्य आहेत, असेही नाही. रशियाने अजिंक्य म्हणून मिरवलेले ‘किंझाल’ क्षेपणास्त्र मे २०२३ मध्ये ‘पॅट्रियट’ यंत्रणेने पाडल्याचे युक्रेनने सांगितले आणि अमेरिकी संरक्षण खात्याने त्याला दुजोरा दिला. तेव्हा खरा धोका शस्त्र अडवता येईल की नाही, एवढाच नाही. ते येत असल्याचे कळल्यापासून ते पोहोचेपर्यंतच्या वेळात समोरचा काय समजेल, हा आहे.

या उपखंडाला त्याचा एक अनुभव मिळालेला आहे. ९ मार्च २०२२ च्या संध्याकाळी भारताकडून एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानच्या पंजाबातील मियाँ चन्नूजवळ कोसळले. पाकिस्तानी सैन्याच्या म्हणण्यानुसार ते त्यांच्या हद्दीत पावणेचार मिनिटे होते. जीवितहानी झाली नाही. भारत सरकारने दोन दिवसांनी अपघात मान्य करून खेद व्यक्त केला आणि ऑगस्टमध्ये कार्यपद्धतीचे उल्लंघन केल्याबद्दल हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले. ते क्षेपणास्त्र ‘ब्राह्मोस’ होते: स्वनातीत, पण हायपरसॉनिक नव्हे. त्या दिवशी सीमेवर शांतता होती. हाच अपघात तणावाच्या आठवड्यात आणि दुप्पट वेगाच्या क्षेपणास्त्राकडून घडला असता तर? पावणेचार मिनिटांची दोन मिनिटेही उरली नसती. दोन मिनिटांत हॉटलाइनचा फोन उचलला जातो. संभाषण पूर्ण होत नाही.

पूर्वसूचनेची व्यवस्था अगदीच नाही, असे नाही. ३ ऑक्टोबर २००५ रोजी भारत आणि पाकिस्तान यांनी बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांची किमान तीन दिवस आधी सूचना देण्याचा करार केला. पण त्यात क्रूझ क्षेपणास्त्रे नाहीत आणि घसरयाने कोणत्या वर्गात मोडतात, याचा विचार तेव्हा कोणी केलेला नव्हता. भारत २०१६ मध्ये बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांविषयीच्या हेग आचारसंहितेत सामील झाला. पाकिस्तान आणि चीन तिचे सदस्य नाहीत. चीनबरोबर तर चाचण्यांच्या पूर्वसूचनेचा द्विपक्षीय करारच नाही. म्हणजे ज्या शेजाऱ्याकडे ही शस्त्रे तैनात आहेत, त्याच्याशीच आपली कोणतीही समजूत नाही.

यात भर पडते ती संदिग्धतेची. नोव्हेंबर २०२४ च्या चाचणीनंतरच्या निवेदनात हे क्षेपणास्त्र ‘विविध’ प्रकारचे भार वाहू शकते, असे म्हटले होते. रणनीतीच्या भाषेत अशा शब्दाला उपयोग असतो. पण समोरच्याच्या रडारवर ठिपका उमटतो, तेव्हा त्यात काय भरले आहे ते दिसत नाही. ४ जानेवारी २००३ रोजी भारताने जाहीर केलेले ‘प्रथम वापर नाही’ हे आण्विक धोरण आपल्या संयमाचा आधार आहे. ज्या शस्त्राविषयी प्रतिस्पर्ध्याला खात्री नाही, त्या शस्त्राने ते धोरण आपोआप पातळ होते.

म्हणून संशोधन थांबवावे, असा याचा अर्थ नाही. शेजारी थांबलेला नसताना आपण थांबणे हा शहाणपणा ठरणार नाही. शिवाय उष्णतारोधक पदार्थ, इंधन, वातविवरे ही सगळी विद्या पुन्हा वापरता येणाऱ्या अवकाशयानांसाठीही लागणार आहे. मार्च आणि जून २०२४ मध्ये चित्रदुर्गच्या धावपट्टीवर आपोआप उतरलेले इस्रोचे पंखधारी यान त्याच वाटेवरचे आहे. अर्थ इतकाच की शस्त्र तयार होण्याआधी त्याचे नियम तयार व्हावेत. भारताची हायपरसॉनिक क्षेपणास्त्रे केवळ पारंपरिक स्फोटकांसाठी असतील, असे सरकारने स्पष्टपणे जाहीर करावे. २००५ च्या करारात क्रूझ आणि हायपरसॉनिक यानांचा समावेश करण्याचा प्रस्ताव, संबंध सध्या कितीही बिघडलेले असोत, कागदावर तयार असावा. असे करार बहुधा वाईट काळानंतरच होतात. चीनशी सीमावाटाघाटींच्या बरोबरीने चाचण्यांच्या पूर्वसूचनेचा विषय मांडावा. आणि अवकाशातून उष्णता टिपणाऱ्या पूर्वसूचना उपग्रहांवर क्षेपणास्त्रांइतकाच खर्च व्हावा, कारण ज्याला लवकर आणि स्पष्ट दिसते त्याला घाई करावी लागत नाही.

आण्विक धोरण जाहीर करताना भारताने अणुचाचण्यांनंतर साडेचार वर्षे घेतली. हायपरसॉनिक शस्त्रांच्या बाबतीत तो क्रम उलटा करण्याची संधी अजून आहे, कारण आपले इंजिन अजून जमिनीवरच जखडलेले आहे. ते सुटून आकाशात जाईल, तो दिवस फार दूर नसावा. त्या दिवशी शास्त्रज्ञांचे अभिनंदन व्हायलाच हवे. आणि त्याच दिवशी साउथ ब्लॉकमधल्या एखाद्या टेबलावर, या वेळी कोणत्याही आक्षेपाविना, दुसरी नस्तीही पूर्ण झालेली असावी.